सुट्टीसाठी बार्बाडोसला किनाऱ्यावरचं अपार्टमेंट भाड्यानं घेताना: सांगली-साताऱ्याच्या कुटुंबांसाठी

जागा बघताना आधी बेटाची बाजू बघा, खोल्यांचे फोटो नंतर. कॅरिबियनमध्ये वारा बहुतेक वर्षभर पूर्वेकडून येतो. त्यामुळे बार्बाडोसचा पूर्व किनारा, बाथशेबाकडचा, थेट अटलांटिकचा मार खातो. तिथं फिरायला जावं, पोहायला उतरू नये. पश्चिमेला होलटाउन, स्पाइट्सटाउनकडे पाणी संथ असतं, लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर तीच बाजू, पण भाडंही तिथंच सगळ्यात जास्त. दक्षिण किनारा दोन्हींच्या मधला, बस आणि दुकानं हाताशी.

जाहिरातीतल्या 'वॉटरफ्रंट' शब्दावर भुलू नका. बाल्कनीसमोर पाणी असतं, पण खाली वाळूऐवजी खडक किंवा दगडी भिंत असू शकते. बाल्कनीतून पाण्यापर्यंतच्या वाटेचा अखंड व्हिडिओ मालकाकडून मागवा. तिथं सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, म्हणजे फोन जेवणाआधी उरकतो. २०११ पासून सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ, साधारण मार्च ते ऑगस्टमध्ये, पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर ढिगानं येतं आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. त्या महिन्यांत जाणार असाल तर गेल्या आठवड्याचा फोटो मागायला संकोच करू नका.

आयर्विन पुलाखाली कृष्णा चाळीस फुटांवर गेली की सांगलीकर सामान माळ्यावर टाकतो. बार्बाडोसला रोजच्या भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर, त्याची काळजी नको. काळजी वादळांची. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. २०२४ मध्ये टी-२० विश्वचषक जिंकलेला आपला संघ बेरिल वादळामुळे बार्बाडोसलाच अडकून पडला होता, हे सगळ्यांना आठवत असेल. त्यांच्यासाठी खास विमान गेलं, आपल्यासाठी जाणार नाही. म्हणून या काळात बुकिंग करताना वादळ आलं तर पैसे परत मिळतील का, आणि अडकलो तर वाढीव रात्रींचा दर काय, हे लेखी घ्या. प्रवास विम्यातही हे कलम वाचा. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा सर्वात छान आणि दर सर्वात चढे.

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, आणि इथंच बरेच जण गाफील राहतात. तिथं पोचायला वाटेत विमान बदलावं लागतं. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवा. लंडनमार्गे ट्रान्झिट व्हिसा लागतो, काही देशांचा वैध व्हिसा हाती असेल तरच सवलत मिळते. हीथ्रोला उतरून पुढचं विमान गॅटविकहून असेल तर विमानतळाबाहेर पडावंच लागतं, ते तिकीट स्वस्त दिसलं तरी टाळा. याच सहलीत त्रिनिदाद जोडणार असाल तर पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या. त्रिनिदादहून परतताना तो दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात.

भाडं बहुधा अमेरिकन डॉलरमध्ये सांगतात, दुकानातली पाटी मात्र बार्बाडोस डॉलरची असते. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन, हा दर ठरलेला आहे. 'डॉलर' ऐकलं की कुठला ते विचारा. सफाई, कर, अनामत, एसीची वीज हे भाड्यात धरलंय का तेही आधीच विचारून ठेवा.

आता स्वयंपाकघर. अपार्टमेंट घ्यायचं खरं कारण तेच.

बार्बाडोसची वीज ११५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असतं, त्याला फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. आपला २३० व्होल्टचा मिक्सर मात्र तिथं रडत फिरतो, ओलं खोबरं काही वाटत नाही. पाणी तापवायचा हजार वॅटचा रॉड निम्म्या व्होल्टेजवर पाव ताकदीचा होतो. दोन्ही घरी ठेवा आणि वाटणाला छोटा खलबत्ता न्या. सेंट लुसिया, ग्रेनाडात वीज आपल्यासारखी आणि प्लग इंग्लंडचा तीन चौकोनी पिनांचा, त्यामुळे बेट बदललं की अडॅप्टरही बदलतो.

शेगडी विजेच्या कॉइलची, काचेची की गॅसची, हे बुकिंगआधी विचारा. कॉइल किंवा काच असेल तर सपाट बुडाचा तवा आणि सपाट बुडाचा तीन लिटरचा कुकर न्या. गोल बुडाची कढई निरुपयोगी. बटण बंद केलं तरी कॉइल बराच वेळ तापलेली राहते, म्हणून शेवटची शिट्टी झाली की कुकर उचलून थंड जागी ठेवा, नाहीतर शिट्ट्या चालूच राहतात आणि डाळ बुडाला लागते. भाकरी फुगायला ज्योत नाही. दुसरी बाजू शेकली की तव्यावरच फडक्यानं दाबत फिरवा, पुष्कळ फुगते.

छतावर धुराचा अलार्म असतो. त्याला फोडणी कळत नाही, आग वाटते. एक्झॉस्ट आधी लावा, बाल्कनीचं दार उघडा, तेल धुरावू देऊ नका, ठेच्याच्या मिरच्या भाजायचा बेत सोडा. अलार्मवर पिशवी बांधायची नाही, दंड होतो.

सोबत कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याचं कूट, थालीपीठाची भाजणी, ज्वारीचं पीठ, सगळं सीलबंद. मटकी-हुलग्यासारखं मोड येणारं धान्य, तूप, ताजा कढीपत्ता, फळं नकोत. जे नेलंय ते कस्टम्सच्या फॉर्मवर सरळ लिहा. तिथं पिवळी डाळ म्हणून मिळते ती वाटाण्याची; दिसते हरभऱ्याच्या डाळीसारखी, आमटी छान होते, मात्र तासभर भिजवावी लागते. भेंडी, अळूचे कंद, नीरफणस, नारळ मिळतात. स्कॉच बॉनेट मिरची दिसायला गोंडस असते. चौघांच्या भाजीला बिया काढून पाव पुरे, आणि मिरची चिरल्यावर हात डोळ्याला लावू नका. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखं फळ येणारं. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, पण प्रत्येक झाडाला असेलच असं नाही. फळ विषारी, चिकानं कातडीला फोड येतात, पावसात त्याखाली उभं राहिलं तरी पाण्याबरोबर चीक अंगावर येतो. मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा. लष्करी छापाचे कपडे, अगदी लहान मुलाची चड्डीसुद्धा, तिथं कायद्यानं बंद आहेत. बॅग भरतानाच काढा.

पोचल्या दिवशी ओटा, सोफा, टॉवेल, भांडी यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. पाय बाहेरच्या नळावर धुऊनच आत या, वाळूनं न्हाणीचं ड्रेन तुंबतं. आणि सांगलीची हळद जपून वापरा: पांढरा ओटा आणि पांढरे टॉवेल यांवरचा पिवळा डाग अनामतीतून कापला जातो. चिरायला-मळायला घरून दोन जुनी फडकी आणि एक गडद टॉवेल न्या.