पोटगीचा आदेश झाला? आता या चुका टाळा

आदेश झाला म्हणजे पैसे आपोआप सुरू होतील, असं धरून बसलेल्या बायका अमळनेर-पारोळ्याकडून माझ्याकडे येतच असतात. पैसे थकले तर वसुलीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्याला मुदत असते. पोटगीचं जुनं कलम 125 (फौजदारी प्रक्रिया संहितेतलं) आता, 1 जुलै 2024 पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं आहे. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज केला नाही, तर तिच्यासाठी या कलमाखाली वसुलीचं वॉरंट निघत नाही.

पारोळा तालुक्यातल्या एका ताईला महिना 5,000 रुपये मंजूर होते. सुरुवातीचे हप्ते आले, मग बंद. नवऱ्याची कोरडवाहू कापसाची शेती. निरोप दरवेळी एकच, "माल निंघना का देस." वेचणी झाली, कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर गेला, हिच्या हातात काही नाही. माहेरची मोठी माणसं म्हणाली, कोर्टात गेलीस तर उरलंसुरलं बोलणं तुटेल. ती तीन वर्षं थांबली. माझ्याकडे आली तेव्हा 1,80,000 थकले होते, आणि या वाटेने मागता येण्यासारखे होते शेवटच्या बारा महिन्यांचे 60,000. "मग बाकीचे?" तिने विचारलं. तिला हे सांगणं मला फार जड गेलं. म्हणून माझ्या पक्षकारांना मी बजावते, दोन हप्ते चुकले की तिसऱ्याची वाट बघायची नाही. कायद्यात असं दोनाचं बंधन नाही, हा माझा शिरस्ता आहे.

दुसरी चूक रोखीची, आणि ती दोन्ही बाजू करतात. मामाच्या हातून पाकीट पाठवायचं, पावती कुणी घ्यायची नाही. पुढे तो म्हणतो दिले, ती म्हणते मिळाले नाहीत, आणि मामा साक्षीला यायला तयार नसतो. पैसे बँकेतच भरा, शेऱ्यात महिना लिहा. पासबुक दर महिन्याला भरून घ्या.

नोकरी गेली म्हणून परस्पर हप्ता कमी करू नका. रक्कम बदलून घ्यायला कलम 146 आहे. मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पोटगी अडवू नका, तो वेगळा अर्ज आहे. तुरुंगात जाऊन आलं की थकबाकी फिटते, हा तर निव्वळ गैरसमज. आधी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमध्ये पोटगी मिळालेली असेल तर ती लपवू नका, न्यायालय ती रक्कम धरूनच हिशेब करतं.

आणि व्हॉट्सअॅपवरचे तयार नमुने. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या अर्जात दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. घाईत दुसऱ्याचं उतरवलेलं एक प्रतिज्ञापत्र मी पाहिलं, त्यात जमिनीचा गट नंबरही त्या दुसऱ्याचाच राहिला होता. उलटतपासणीत एवढं पुरतं. नवऱ्याची शेती असेल तर आधी सातबारा आणि आठ-अ काढा, कापूस विक्रीच्या पावत्या मिळतात का बघा, मग लिहायला बसा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून नमुन्यावर भागवू नका. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.