ऑफिसची पर्स: दीड ते तीन हजारांत काय बघून घ्यावी

दुकानात जाण्याआधी रोज नेता ते सगळं सामान टेबलावर काढून वजन करा. डबा, पाऊण लिटरची बाटली, छत्री, चार्जर, पाकीट धरून दोन किलो सहज भरतं. लॅपटॉप असला तर आणखी दीड. त्यामुळे रिकामी पर्सच किलोभराची असेल तर कितीही देखणी असो, घेऊ नका.

मग माप. लॅपटॉपचे १४ इंच म्हणजे पडद्याच्या कर्णाची लांबी. त्यासाठी पर्सची आतली रुंदी ३४ सेंमी तरी हवी, १५.६ इंचीसाठी ३८. तळ १० ते १२ सेंमी रुंद नसेल तर डबा आडवा होतो आणि उसळीचा रस्सा फायलीपर्यंत पोचतो.

या किमतीत बहुतेक पर्सेस पीयूच्या असतात, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर. दमट हवेत हा थर हळूहळू विघटित होऊन चिकट होतो आणि त्याचे पोपडे निघतात. मुंबईत किंवा कोकणात न वापरता कपाटात ठेवलेली पर्ससुद्धा अशी सोलते, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडली तर हमखास. दुकानात पट्टा चिमटीत दुमडून बघा. बारीक भेगा दिसल्या तर परत ठेवा. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावरून चामड्याची प्रत कळत नाही. बाँडेड लेदर तर चामड्याचा भुगा चिकटवून केलेलं असतं, तेही सोलतं. रंग न लावलेली कापलेली कड शोधा: चामडं असेल तर तंतू दिसतात, पीयूखाली कापडाची वीण. मुंबईत असाल तर धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडवरची चामड्याची दुकानं जरूर पालथी घाला, घासाघीस करायची तयारी ठेवून. पावसाळ्यापुरती नायलॉनची वेगळी ठेवलेली बरी.

पर्स फाटते ती बहुधा पट्ट्याच्या मुळाशी. तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिवण हवी, सोबत रिव्हेट असेल तर उत्तमच. काठाला नुसती एक सरळ टीप मारलेली असेल तर भरलेल्या बाटलीच्या वजनाने ती उसवणारच. पट्टा कडीत ओवलेला असेल तर कडीचा जोड नखाने चाचपा. सांधा डागलेला नसेल, नुसती दोन टोकं जवळ आणलेली असतील, तर ओझ्याने कडी उघडते. खांद्यावर घ्यायची असेल तर पट्टा आणि पर्सचं तोंड यांत २५ सेंमी तरी अंतर हवं. त्याहून कमी असेल तर दंड अडकतो.

चेन आठ-दहा वेळा ओढा, विशेषतः वळणावर. तिथे अस्तर रनरमध्ये अडकत असेल तर रोज अडकणार. लोकलने जाणाऱ्यांनी नुसत्या चुंबकाच्या बटणावर भागवू नये, वरून पूर्ण बंद होणारी चेनच हवी. रनर गेला तर बॅगवाला थोडक्यात बदलून देतो, अख्खी चेन बदलायची तर अस्तर उसवावं लागतं. अस्तर फिक्या रंगाचं असू द्या, काळ्या अस्तरात किल्ली सापडत नाही.

रंगात टॅन, मरून, गडद हिरवा साडीवरही जातो आणि फॉर्मलवरही. फिकट बेजवर जीन्सचा निळा डाग चढतो, तो निघत नाही. सोनेरी कड्याबिड्या जितक्या कमी तितकं बरं, मुलामा उडाला की पर्स लगेच जुनी दिसते. खणाची हवी असेल तर खण फक्त पुढच्या झाकणावर असलेली निवडा. तळ आणि पट्टा खणाचा असेल तर घासून धागे निघतात.

ऑनलाइन मागवली तर लेबल न काढता, घरातच सगळं सामान भरून अर्धा तास खांद्यावर ठेवा. टाके ताणलेले दिसले तर परतीची मुदत संपायच्या आत परत करा.