इंग्लिश वाचताना मुलांना "कशावरून?" विचारायला लावणारा गेम

सेमी इंग्लिशची सातवी-आठवीची बरीच मुलं इंग्लिश उतारा धडाधड वाचतात, अर्थही सांगतात, पण हे खरं कशावरून असं विचारलं की गप्प, कारण छापलंय म्हणजे खरंच असणार. त्यावर मी वर्गात हा गेम घेते, घरी दोन भावंडांतही जमतो.

आठ-दहा ओळींचा सोपा उतारा घ्या, विषय ओळखीचा हवा. मुंबईच्या मुलांना पहिल्या ट्रेनचा मस्त चालतो : १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. आता त्यात दोन वाक्यं आपण घुसवायची. एक वरच्या ओळीशी न जुळणारं, म्हणजे वर तीन इंजिनं आणि खाली 'बोथ इंजिन्स'. हे पोरं लगेच पकडतात. दुसरं मात्र मत असतं, पण माहितीचा आव आणून बसलेलं : 'एव्हरीवन इन बॉम्बे लव्ह्ड द ट्रेन'. इथे खरी मजा येते, एव्हरीवन म्हणजे कोण, कोणी जाऊन विचारलं, हे उताऱ्यात कुठे लिहिलंय, अशी भांडणं सुरू होतात आणि ती होऊ द्यायची.

चौघांचे गट करा, आधी प्रत्येकाने एकट्याने वाचायचं. नुसत्या उत्तराला १ पॉइंट, पुराव्याच्या ओळीवर बोट ठेवून ती वाचून दाखवली तर ३, आणि ती ओळ पुरेशी नाही हे समोरच्या गटाने पटवून दिलं तर ते ३ त्यांचे. वाद मराठीत घातला तरी चालेल, ओळ मात्र इंग्लिशच वाचायची. सगळ्यात आधी हात वर करणाऱ्याला पॉइंट प्लीज देऊ नका, त्याने मुलं वाचायचं सोडून अंदाज मारायला लागतात, माझा अशा फास्टेस्ट फिंगरवाल्या क्विझना ह्या कामासाठी ठाम विरोध आहे.

हे जमलं की स्टेशनबाहेर हातात कोंबतात ती क्लासची इंग्लिश पॅम्फ्लेट्स आणा. '१०० टक्के रिझल्ट'. गटांनी फक्त प्रश्न काढायचे : परीक्षेला बसले किती? कोणत्या वर्षी? रिझल्ट म्हणजे पास की डिस्टिंक्शन? ज्या प्रश्नाचं उत्तर पॅम्फ्लेटमध्येच आहे त्याला शून्य, म्हणजे आधी नीट वाचावंच लागतं.

पुढच्या आठवड्यात खोटी वाक्यं मुलांनाच लिहून आणायला सांगा.