नकाशाचा फोटो गिरवण्याआधी माप जुळवा

घराच्या नकाशाचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकून त्यावर भिंती गिरवल्या की चित्र झकास दिसतं, पण सोफा ठेवायला गेलं की मावत नाही. चूक बहुतेक वेळा स्केलची, म्हणजे चित्रातलं माप आणि खरं माप यांच्या प्रमाणाची असते.

स्वीट होम ३डी या घराचा आराखडा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये (इतरांतही थोड्याफार फरकाने) असं करा:

१. घरातली सगळ्यात लांब सलग भिंत टेपने मोजा. दारावरून स्केल ठरवू नका. ९० सेंटिमीटरच्या दारात २ सेंटिमीटर चुकले, तर ९ मीटरच्या घरात तीच चूक २० सेंटिमीटरची होते.

२. फोटो बॅकग्राउंड इमेज म्हणून घ्या. स्केलची रेघ त्या भिंतीच्या दोन्ही टोकांवर नेमकी ठेवून मोजलेला आकडा भरा. टोकं धरताना झूम करा, आळस नको.

३. त्या भिंतीला काटकोनात असलेली एक भिंत मोजून ताडून पाहा. जुळली नाही तर फोटो तिरका आला आहे. ओढूनताणून बसवण्यापेक्षा कागद सपाट ठेवून स्कॅन करा.

भिंती काढताना मात्र बरेच जण फसतात, मीही फसलो. सॉफ्टवेअर भिंत मध्यरेषेवरून धरतं आणि आपण टेप लावतो आतून. आतलं माप तसंच भरलं आणि भिंती १५ सेंटिमीटर जाड असतील, तर खोली तेवढीच आखूड होते. म्हणून जाडी आधी भरा आणि आतलं माप डायमेन्शन टूलने (मापाची रेघ काढायच्या साधनाने) तपासा.

एक सावधगिरी: फर्निचरच्या तयार मॉडेलचं माप आपल्या वस्तूचं नसतं. लांबी, रुंदी, उंची स्वतः मोजून बदला.