पत्रक छापायला देण्याआधी: किती फुगवायचं, कुठे थांबायचं

गणपती गेले की नौपाड्यातल्या आमच्या छपाईच्या दुकानात फराळवाल्यांची मॅटर यायला लागतात. मागे वर्तकनगरच्या एका ताईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं मॅटर असं होतं: ‘ठाण्यातली सर्वांत खुसखुशीत चकली! १०० टक्के शुद्ध गायीच्या तुपातले बेसन लाडू. मधुमेहावर गुणकारी मेथी लाडू. किलोभर चिवड्यावर पाव किलो शंकरपाळे मोफत.’ चार वाक्यं. त्यातलं पहिलं मी डोळे मिटून टाइपला घेतलं. बाकीच्या तिघांसाठी फोन करावा लागला.

तुम्ही स्वतःच्या धंद्याचं पत्रक, फ्लेक्स किंवा रील करत असाल, तर आधी प्रूफ, म्हणजे तपासायची कच्ची प्रत, कागदावर काढा आणि लाल पेन घ्या. जे मोजता येतं, तपासता येतं, बिलावरून पडताळता येतं, त्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. टक्के, मिनिटं, किलो, ‘नंबर वन’, ‘मोफत’, ‘गॅरंटी’, सगळं. ‘खुसखुशीत’ला रेघ नको. चकली किती खुसखुशीत हे कोण मोजणार? वाचणाराही ते हसून सोडून देतो. जाहिरात परिषद (एएससीआय) ही जाहिरात-धंद्यानं स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेली संस्था, तिच्या नियमावलीतसुद्धा उघड उघड गमतीच्या अतिशयोक्तीला मोकळीक आहे.

कोर्टही इतपत मन मोठं ठेवतं. कपड्यांना घालायच्या निळीवरून दोन कंपन्या भांडत कलकत्ता उच्च न्यायालयात गेल्या होत्या. १९९९च्या त्या निकालात न्यायालयानं म्हटलं, की आपला माल जगात सर्वोत्तम आहे असं व्यापारी म्हणू शकतो, ते खरं नसलं तरी. दुसऱ्याशी तुलनाही करू शकतो. पण दुसऱ्याचा माल वाईट आहे असं म्हणून त्याची बदनामी करता येत नाही. म्हणून ‘आमची चकली भारी’ चालेल, ‘समोरच्याची चकली वातड’ नको.

आता लाल रेघेवर या. प्रत्येक रेघेला एक कागद हवा: बिल, चाचणीचा अहवाल, करारपत्र, काहीतरी. मी ताईंना तुपाचं बिल मागितलं. त्या म्हणाल्या, “दादा, तूपच आहे हो, पण थोडा डालडा घालते, नाहीतर लाडू बसतात.” झालं! ‘शुद्ध’ही गेलं आणि ‘१०० टक्के’ही. मग त्यांनीच तोडगा काढला, “साजूक तुपाच्या चवीचे असं लिहूया का?” डोकं चांगलं चालतं त्यांचं, पण नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे नुसता खोटा शब्द नव्हे. आडून सुचवलेली गोष्ट त्यात येते आणि मुद्दाम लपवलेली महत्त्वाची माहितीही येते. शेवटी ‘घरगुती बेसन लाडू’ छापलं. विकले गेले की.

‘पाच वर्षं काही होणार नाही’ अशी टिकाऊपणाची हमी लिहिणार असाल, तर चाचणी आधी करून घ्या. ती नीट झाली होती हे दाखवायचं काम हमी देणाऱ्याचं असतं, गिऱ्हाइकाचं नव्हे.

आजाराचं नाव दिसलं की कागद मागायच्या भानगडीतही मी पडत नाही, सरळ काट मारतो. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४च्या कायद्याच्या यादीत मधुमेह आहे. खाण्याच्या पदार्थानं आजार बरा होतो म्हणायला अन्नसुरक्षेचे २०१८चे जाहिरात-नियमही आडवे येतात. मेथी लाडू नुसते मेथी लाडू राहिले.

राहिलं ‘मोफत’. ताईंचा चिवडा श्रावणात ४०० रुपये किलो होता, पत्रकात ४६०. म्हणजे शंकरपाळ्यांचे पैसे चिवड्यातून घेतले. जून २०२२च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, मोफत वस्तूची किंमत दुसऱ्या मालाचा भाव वाढवून वसूल करता येत नाही. कधी न लावलेला जुना भाव छापून त्यावर फुली मारणंही अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. आणि मागे फक्त चार नग ठेवून ‘अर्ध्या किमतीत’चा गळ टाकायचा असेल, तर साठा मर्यादित आहे हे तिथंच लिहा.

नंतर ताराचिन्ह शोधा. दावा मराठीत ठसठशीत आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत ‘अटी लागू’ हे सर्रास दिसतं. त्याच सूचना सांगतात की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात हवा. वर दिलेलं खाली काढून घेणारा खुलासा तर चालतच नाही. मोठ्या अक्षरात ५० टक्के सूट आणि तळाशी ‘निवडक मालावर’ असेल, तर ‘निवडक’ वर घ्या.

फोटोच्या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलोय. एका क्लासच्या फ्लेक्सवर मी परीक्षेतून निवड झालेल्या एका मुलाचा फोटो लावला. त्याचे वडील दुकानात येऊन उभे. मुलगा तिथं फक्त सराव परीक्षांना जात होता. नोव्हेंबर २०२४पासून यावर वेगळे नियम आहेत. ५०हून जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासला, मुलाची निवड झाल्यानंतर घेतलेली लेखी संमती लागते. त्यानं कोणता कोर्स केला, किती मुदतीचा आणि पैसे भरून की फुकट, तेही छापावं लागतं. आता संमतीचा कागद आल्याशिवाय मी फोटो घेत नाही. पैसे किंवा फुकट माल घेऊन रील करणाऱ्यानंही ती जाहिरात आहे हे सांगायचं असतं.

घरांची पत्रकं हा वेगळाच प्रकार. घोडबंदरचं असो की उलव्याचं, सगळं ‘१० मिनिटांवर’. कुठल्या वाहनानं? रात्री दोनला? मी मिनिटं काढून किलोमीटर घालायला लावतो. महारेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक नसेल तर काम घेत नाही, आणि ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही लागतो. पत्रकातल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या चित्रावर विसंबून घर घेतलं, तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली ग्राहक व्याजासकट सगळे पैसे परत मागू शकतो.

दंडाचं थोडक्यात: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. कोर्टात गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैदही आहे. गिऱ्हाइकाला सुरुवात करायला १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक पुरतो. ग्राहक आयोगात गेला तरी पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तो राहतो तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. खारघरकरांनी मात्र लक्षात ठेवा, पत्ता नवी मुंबईचा असला तरी जिल्हा रायगड आहे.

आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं. म्हणून पत्रक छापून झालं की त्याची एक प्रत, बिलं, संमतीपत्रं आणि भावाची जुनी यादी एका पाकिटात घाला, वर तारीख लिहा. ताईंचं पाकीट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, तुपाच्या डागासकट.