फोनमध्ये लपलेलं पाळत-ॲप कसं शोधायचं

मावशीचा फोन माझ्याकडे आला तो ‘बॅटरी टिकत नाही रे’ या तक्रारीसह. ॲप्सची यादी चाळली, सगळं नेहमीचंच. मग सेटिंग्जमधली ॲक्सेसिबिलिटी उघडली. तिथे ‘डाउनलोड केलेली ॲप्स’ या मथळ्याखाली, राखाडी चक्राचं चिन्ह लावून, ‘सिस्टिम सर्व्हिस’ नावाचं काहीतरी चालू होतं. सिस्टिमचंच असेल तर ते डाउनलोड कशाला होईल? विचारलं तेव्हा आठवलं: व्हॉट्सॲपवर कुणाची तरी लग्नपत्रिका आली होती, फाइलच्या नावाशेवटी ‘डॉट एपीके’ असलेली, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ॲप नसते.

असं पाळत ठेवणारं ॲप आपलं चिन्ह लपवू शकतं, नाव बदलू शकतं. पण परवानग्यांशिवाय त्याला काही करता येत नाही, म्हणून शोधायचं ते परवानग्यांच्या यादीत. पुढचं सगळं अँड्रॉइडबद्दल आहे. कंपनीगणिक मेनू इकडचे तिकडे असतात, तेव्हा सेटिंग्जच्या शोधपट्टीत नाव टाका.

मात्र संशय घरातल्याच माणसावर असेल तर आधी थांबा. ॲप काढलं की समोरच्याला कळतं, आणि पुरावाही जातो. दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो काढा, मदतीसाठी फोनही दुसऱ्याच हँडसेटवरून करा. महिलांसाठी १८१ आहे. स्त्रीच्या इंटरनेट किंवा ईमेल वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

सुरुवात प्ले स्टोअरपासून. वर आपल्या फोटोवर टॅप करून ‘प्ले प्रोटेक्ट’, म्हणजे गूगलची घातक ॲप्स तपासणारी सोय, उघडा आणि स्कॅन करा. ते बंद सापडलं आणि तुम्ही केलेलं नसेल, तर तोच पहिला धागा. असलं ॲप टाकणारा बहुतेक वेळा आधी हे बंद करतो.

मग ॲक्सेसिबिलिटी. ही सोय दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या ॲप्ससाठी आहे. त्यामुळे ती ज्याला मिळाली त्याला स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं, बटणंही दाबता येतात. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेज कुलूपबंद करून पाठवणं, वाटेतल्या चोरासाठी. हा तर तुमच्या खांद्यावरून वाचतोय. अनोळखी नाव दिसलं की बंद.

त्यानंतर ‘विशेष ॲप ॲक्सेस’. इथे तीन जागा बघायच्या. ‘डिव्हाइस ॲडमिन’ म्हणजे फोनवर जादा अधिकार असलेली ॲप्स; त्यात हरवलेला फोन शोधणारं गूगलचं ॲप किंवा ऑफिसचं ॲप असेल तर ठीक. ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ ज्याच्याकडे आहे त्याला ओटीपी दिसू शकतात. ‘अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करणे’ ही परवानगी व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर या सगळ्यांना नाकारलेली हवी.

आता ॲप अनइन्स्टॉल करा. बटण फिकट दिसतंय, दाबलंच जात नाही? मग ते ॲप ॲडमिन होऊन बसलंय. आधी तिथलं बटण बंद करायचं. तरीही ऐकत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये (त्यात बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत) सुरू करून काढा. शेवटचा उपाय फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पुसून कोरा करणं. पण आधी फोटो आणि कॉन्टॅक्ट दुसरीकडे ठेवा, आणि नंतर बॅकअपमधून जुनी ॲप्स परत आणू नका.

खरं सांगायचं तर, ‘माझे मेसेज कुणीतरी वाचतंय’ म्हणत आलेल्या फोनमध्ये मला बहुतेक वेळा ॲप सापडतच नाही. सापडतं ते व्हॉट्सॲपच्या ‘लिंक केलेली डिव्हाइस’मध्ये एक अनोळखी लॅपटॉप. दोन मिनिटं फोन हाती लागला, कोड स्कॅन झाला, काम संपलं. तिथून लॉगआउट करा. गूगल खात्यात ‘तुमची डिव्हाइस’ आणि मॅप्समध्ये ‘लोकेशन शेअरिंग’ही बघून घ्या.

पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरसारख्या प्रकारांचा माग यातल्या कशानेही लागत नाही. २०१९ मध्ये ते व्हॉट्सॲप कॉल न उचलताही फोनमध्ये शिरत होतं. ते पत्रकार, वकील, कार्यकर्त्यांच्या मागे लागणारं महागडं प्रकरण; त्याला तज्ज्ञच लागतात.

सगळं साफ झाल्यावर पासवर्ड बदला, पण दुसऱ्या फोनवरून, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. ॲपला एसएमएस वाचायची परवानगी होती असं दिसलं तर बँकेला लगेच कळवा. पैसे गेले असतील तर तत्काळ सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. आणि पिन. मावशीचा पिन म्हणजे तिच्या लग्नाचं साल, जे दिवाणखान्यातल्या फोटोखालीच लिहिलंय. तो आम्ही त्याच संध्याकाळी बदलला, नवा काय ठेवला ते तिने मलाही सांगितलं नाही.