पाणी घरात शिरलं, तर आजीला कोण उचलणार?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. मूकबधिर शाळेतल्या मुलांनाही तेव्हा बाहेर काढावं लागलं. अंधारात हाका मारून या मुलांना काय कळणार? म्हणून अपंग, आजारी किंवा थकलेलं माणूस घरात असेल, तर पावसाळ्याआधीच ठरवून ठेवा.

१. आधी त्यांनाच विचारा. कुठं धरलं की दुखतं, काय सोबत हवं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आपण परस्पर ठरवतो, तिथंच घोळ होतो.

२. घरातला एक आणि शेजारचा एक, अशी दोन माणसं नेमा. किल्ली शेजाऱ्यांकडंही ठेवा.

३. उचलून बघा. बॅटरीवरची व्हीलचेअर जिन्यावरून नेण्याच्या फंदात पडू नका, ती फार जड असते. हात असलेली मजबूत खुर्ची घ्या. माणसाला बसवून छातीशी ओढणीनं सैलसर बांधा. तोंड उतरणीकडं, खुर्ची जराशी मागं कललेली. ताकदीचा माणूस पाठीमागं, दुसरा पुढचे पाय धरून. पहिली तालीम धडधाकट पोरावर करा. हसतील, हसू द्या. आग लागली तर लिफ्ट नकोच.

अंध व्यक्तीला ओढू नका, आपलं कोपर धरायला द्या. ऐकू न येणाऱ्याला टॉर्चची उघडझाप करून उठवा.

४. पिशवीत आठवडाभराची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स, श्रवणयंत्राचे सेल, पॉवर बँक. वर ठळक कागद: ‘मला ऐकू येत नाही, लिहून सांगा.’

५. नागपुरात उन्हाळाही आपत्तीच. मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेखालच्या भागात बहुधा घाम नीट येत नाही, त्यामुळे अंग झपाट्यानं तापतं. कूलर बंद पडला तर ओल्या कापडानं पुसत राहा. ऑक्सिजन मशीन असेल तर भरलेला सिलिंडर हवाच, वीज काही विचारून जात नाही.

६. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम ८ नुसार जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवणं हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं काम आहे. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. शिवाय स्कीमच्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या, चौकीदारालाही फ्लॅट नंबर सांगून ठेवा. ११२ ची गाडी आली की पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो.